योकोयामा ताइकान

योकोयामा ताइकान (२ नोव्हेंबर, १८६८ - २६ फेब्रुवारी, १९५८) हे आधुनिक जपानी चित्रकार होते. 'निहोंगा' या जपानी पद्धतीच्या चित्रकलेच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. बंगाली चित्रशैलीवरही त्यांचा प्रभाव पडला.

जीवन

ताइकान यांचा जन्म मितो येथे झाला. त्यांचे मूळ नाव साकाई हिदेमारो. आईच्या घराण्यात दत्तक गेल्यावर ते योकोयामा झाले. १८८९ साली सुरू झालेल्या तोक्यो कलाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीत ते शिकले. १८९८ साली त्यांचे गुरू ओकाकुरा काकुझो यांना विद्यालय सोडावे लागले, तेव्हा ताइकानही नोकरी सोडून त्यांच्या निहोन बिजुत्सुइन या नव्या संस्थेत गेले. तेथे त्यांनी व हिशिदा शुन्सो यांनी बाह्यरेषा गाळून केवळ रंगांच्या छटांनी हवा व प्रकाश दाखवण्याचा प्रयोग केला. रेषा हाच जपानी चित्राचा कणा मानणाऱ्या टीकाकारांनी त्याला 'धूसर शैली' म्हणून हिणवले. चित्रे खपेनाशी झाली.

बंगालमधील प्रभाव

१९०३ साली हे दोघे कलकत्त्यास आले. त्रिपुराच्या राजवाड्यातील सजावटीचे काम मिळण्याची आशा फोल ठरली. मात्र ठाकूर कुटुंबाशी त्यांचा स्नेह जुळला. ताइकान ओल्या कुंचल्याने कागदावर पाणी फिरवत, हे अवनींद्रनाथ ठाकूर यांनी पाहिले आणि स्वतः संपूर्ण चित्रच पाण्यात बुडवून पाहिले. रंग द्यावा, धुवावा, पुन्हा द्यावा, अशा क्रमाने रंग कागदात मुरतो. हेच बंगाली 'वॉश' तंत्र होय. त्यामुळे ते जपानी तंत्राची नक्कल होते असे म्हणणे योग्य नाही. अवनींद्रनाथांच्या 'भारतमाता' (१९०५) या चित्रात ते दिसते. नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी शिष्यांनीही ते वापरले. पुढे अनेकांच्या हाती त्याचा ठरावीक धूसर साचा झाला आणि खुद्द नंदलाल भित्तिचित्रांकडे वळले. उलट दिशेने, ताइकान यांच्या 'तरंगते दिवे' (१९०९) या चित्रात गंगेत दिवे सोडणाऱ्या भारतीय स्त्रिया आहेत.

१९१६ साली रवींद्रनाथ ठाकूर जपानमध्ये ताइकान यांच्या घरी राहिले. ताइकान व शिमोमुरा कान्झान यांच्या चित्रांच्या प्रती त्यांनी अराई काम्पो यांच्याकडून करवून घेतल्या. त्यानंतर अराई कलकत्त्यास शिकवण्यासाठी आले व त्या वास्तव्यात त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्याही प्रती केल्या. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्या तोक्योत जळाल्या. भूकंपाच्या दिवशीच प्रदर्शनात मांडलेला ताइकान यांचा सुमारे ४० मीटर लांबीचा 'जीवनचक्र' हा जलप्रवाहाचा चित्रपट मात्र बचावला.

उत्तरकाळ

ओकाकुरांच्या निधनानंतर १९१४ साली ताइकान यांनी बिजुत्सुइनचे पुनरुज्जीवन केले. १९३७ साली संस्कृती सन्मान सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते. १९४० साली त्यांनी समुद्र व पर्वत या विषयांवरील वीस चित्रांच्या विक्रीची रक्कम लष्करी विमानांसाठी दिली. आशियाच्या ऐक्याच्या ज्या स्वप्नाने त्यांना कलकत्त्यास आणले, त्याच स्वप्नाच्या नावाने तेव्हा जपानचे युद्ध चालले होते, हे त्यांच्या चरित्रात दृष्टिआड करता येत नाही. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह शिमाने प्रांतातील आदाची संग्रहालयात आहे.