मातोश्रींचे उघडे दार

श्रावण वद्य चतुर्दशीला इंदुरात देवी अहिल्याबाईंची पालखी निघते आणि त्यानंतर चार-पाच दिवसांतच घरोघरी गणपती येतात. त्यामुळे आपल्या इंदूरकर मराठी मंडळींच्या मनात ही दोन्ही आगमने एकमेकांना जोडूनच असतात. पालखीपुढे हात जोडताना आपल्याला आठवतात ते काशीचे विश्वेश्वराचे मंदिर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद आणि महेश्वरचे घाट. ही यादी आपल्या शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. यंदा स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा वाटले की मातोश्रींच्या चरित्रातला एक धागा मात्र आपण नेहमी घाईने ओलांडतो. एखाद्या घरावर संकट कोसळले, कर्ता पुरुष गेला, बाई एकटी पडली, तर त्या घराशी त्या कशा वागल्या? आज तो धागा हाती घ्यावा, असा विचार आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव तेव्हाच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. घर खानदानी, पण राजवाड्याशी संबंध नसलेले. मल्हारराव होळकरांनी या मुलीला पाहिले आणि १७३३ मध्ये आपले पुत्र खंडेराव यांच्यासाठी सून म्हणून घरी आणले. त्यांची पारख पक्की होती. स्वारीवर असताना दौलतीचा हिशेब, रसद, दारूगोळा, वसुली या कामांची पत्रे ते सुनेला लिहीत आणि तिच्याकडून कामे चोख होतील, असा त्यांना भरवसा असे. १७४५ मध्ये मालेराव आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई अशी दोन अपत्ये झाली.

मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी सती जाण्याची तयारी केली. पुत्रशोकाने खचलेल्या मल्हाररावांनी त्यांना अडवले. आता तूच माझा मुलगा, या म्हातारपणी दौलत सांभाळायला मला तुझा आधार हवा, अशा अर्थाची त्यांची विनवणी होती. अहिल्याबाई थांबल्या.

या प्रसंगाकडे जरा बारकाईने पाहायला हवे. मल्हाररावांनी सुनेची कीव केली नाही. तिची या घराला गरज आहे, हे तिला सांगितले आणि ते नुसते बोलण्यापुरते ठेवले नाही. पुढची बारा वर्षे तिच्या हाती खरोखरीचे काम दिले. पती गेलेल्या बाईला घराच्या कोपऱ्यात बसवण्याचा तो काळ. त्या काळात एका सासऱ्याने सुनेला हिशेबाच्या वह्यांपुढे बसवले. पुढे जे घडले, त्याचे मूळ इथे आहे.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे निधन झाले. गादीवर आलेले मालेरावही वर्षभराच्या आतच गेले. सासरे नाहीत, पती नाही, मुलगा नाही. अशा वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवले की बाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, स्वतः नेमणूक घेऊन स्वस्थ राहावे आणि कारभार आपण पाहू. राघोबादादाही या बेताला अनुकूल होऊन फौज घेऊन माळव्याकडे निघाले. बाईंनी दत्तकाचा सल्ला साफ नाकारला, लढाईची तयारी ठेवली आणि शेजारच्या सरदारांना पत्रे धाडली. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी कारभार बाईंकडेच राहील असा कौल दिला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे गेली. राजधानी महेश्वरला आली आणि पुढची अठ्ठावीस वर्षे नर्मदाकाठच्या त्या साध्याशा वाड्यातून माळव्याचा कारभार चालला.

पोरक्या झालेल्या घरात मदतीच्या नावाखाली कोण कोण शिरू पाहते, हे त्यांनी असे स्वतःच्या अंगावर अनुभवले होते. म्हणूनच दुसऱ्या कोणावर ही वेळ आली की त्यांना ते लगेच कळत असावे.

पुढे माळव्यात आलेला इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने अहिल्याबाईंना पाहिलेल्या वृद्ध माणसांकडून हकिकती गोळा केल्या आणि १८२३ च्या आपल्या ग्रंथात नोंदवल्या. त्यावरून त्यांचा दिवस आपल्याला कळतो. पहाटेपूर्वी उठणे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे शाकाहारी जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दरबार भरे, तो संध्याकाळपर्यंत चाले. रात्री पूजा-फराळ आटोपला की पुन्हा नऊपासून अकरापर्यंत काम. दरबारात पडदा नव्हता. प्रत्येक तक्रार त्या स्वतः ऐकत. तंटा पंचायतीकडे सोपवला तरी फिर्यादीला त्यांच्यापर्यंत येण्याची वाट मोकळी असे.

या उघड्या दारातून आलेली एक बाई आपल्या इंदूरची होती. इथला एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींचा तळ तेव्हा शहराजवळ होता. काही मतलबी लोकांनी त्यांचे कान भरले आणि त्या संपत्तीत वाटा मागण्याचे त्यांच्या मनात आले. सावकाराची विधवा तडक महेश्वरला गेली. मातोश्रींनी तिचे म्हणणे ऐकून घेतले, तिला मानाची वस्त्रे दिली आणि पतीच्या घराची व मालमत्तेची तीच मालकीण, हे त्यातून जाहीर केले. तुकोजींना हुकूम गेला की तळ इंदुरापासून हलवावा आणि शहराला अशा मागण्यांचा उपद्रव देऊ नये. तुकोजींनी निमूटपणे तो पाळला. सेनापतीला दुखवून एका एकट्या बाईची बाजू घेणे राजकारणात सोयीचे नव्हते. पण त्या दिवशी इंदुरातल्या प्रत्येक घराला समजले की आपल्या पश्चात आपल्या बायकोला कोणी घराबाहेर काढणार नाही. कंपेलचे कचेरीचे ठाणे इंदुरास आणून त्यांनी हे गाव मोठे केले हे खरेच, पण व्यापारी इथे पेठा थाटून राहिले ते या विश्वासावर.

दुसरी हकिकत खरगोणची. तापीदास आणि बनारसीदास हे दोघे सावकार भाऊ, अमाप पैसा मागे ठेवून आणि वारस न ठेवता गेले. त्यांच्या विधवांनी ठरवले की ही दौलत मातोश्रींच्याच पायांशी ठेवावी. आयते चालून आलेले धन नको म्हणणारे राज्यकर्ते त्या काळी विरळाच. अहिल्याबाईंनी मात्र ते घेतले नाही. ज्यातून तुमचे नाव राहील आणि लोकांच्या उपयोगी पडेल अशा कामाला हा पैसा तुम्हीच लावा, असा सल्ला देऊन त्यांना परत पाठवले. त्या पैशातून खरगोणच्या नदीवर घाट बांधला गेला आणि गणपतीचे देऊळ उभे राहिले. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हे सांगताना विशेष आनंद होतो. आपला पैसा सरकारात जमा करून मोकळ्या होऊ पाहणाऱ्या दोन बाया त्या सल्ल्यामुळे गावाच्या उपकारकर्त्या होऊन परतल्या.

भिल्लांच्या बाबतीतही त्यांची हीच दृष्टी दिसते. आधी समजावणी, ती फुकट गेल्यावर कठोर बंदोबस्त, हे दोन्ही त्यांनी केले. पण शेवटी डोंगरवाटांवरून जाणाऱ्या मालावर भिलकवडी नावाचा लहानसा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. बदल्यात आपल्या हद्दीत चोरी झाली तर ती शोधून देण्याची जबाबदारी भिल्लांवर टाकली. ज्यांच्यापासून वाट राखायची, तेच वाटेचे राखणदार झाले. महेश्वरला विणकर वसवून त्यांनी हातमागाला आश्रय दिला, त्यातही हाच विचार आहे. दोनशे वर्षे उलटली तरी माहेश्वरी साडीच्या काठावर कित्येक कुटुंबांची चूल पेटते आहे.

दानधर्म तर होताच, आणि तोही ऋतुमान पाहून. रोज गोरगरिबांना अन्न, सणासुदीला तळागाळातल्यांना मेजवानी, उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यावर पाणी देणारी माणसे, थंडीच्या तोंडी अशक्त-अपंगांना कपडे. महेश्वरजवळच्या शेतांत नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजण्यासाठीही माणसे नेमली होती. पाखरांना कोणी हाकलू नये म्हणून काही उभी पिके विकत घेऊन तशीच सोडलेली असत. या साऱ्या पुण्यकर्मांचा खर्च त्या खासगीतून करीत आणि खासगीचा हिशेब दौलतीपासून वेगळा ठेवीत.

आता चरित्रातला सर्वांत कठीण भाग सांगायला हवा. तो गाळून त्यांचे गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मुक्ताबाईंचे लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झाले होते. त्यांचा एकुलता एक मुलगा नथ्याबा तरुणपणीच गेला. त्यानंतर थोड्याच काळात, १७९१ मध्ये, यशवंतरावही वारले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरवले. सहासष्ट वर्षांच्या आईने लेकीच्या विनवण्या केल्या. या जगात मला एकटी टाकून जाऊ नकोस, म्हणून पदर पसरला. मुक्ताबाईंचे म्हणणे असे होते की आईचे आता थोडे दिवस उरले आहेत. मूल गेले, पती गेला, उद्या आईही जाईल. मग माझे कोण? ते आयुष्य सोसवणार नाही आणि मानाने मरण्याची वेळही तेव्हा निघून गेलेली असेल. आईचा निरुपाय झाला. नर्मदेच्या काठी दोन माणसांनी धरून ठेवलेल्या अहिल्याबाईंनी ते डोळ्यांनी पाहिले. दुःखावेगाने त्यांनी स्वतःच्याच हाताला चावे घेतले. तीन दिवस त्यांच्या पोटात अन्न नव्हते आणि तोंडून शब्द नव्हता. पुढे मुलीच्या स्मरणार्थ त्यांनी सुंदर स्मारक बांधवले.

मुक्ताबाईंचा तो प्रश्न वाचला की मन अडखळते. त्यांना अन्नाची ददात नव्हती, वाडा होता, दासदासी होत्या, आई राज्य चालवत होती. कमी होते ते एवढेच, की आईच्या पश्चात आपल्याला कोणी विचारील, आपली कोणाला गरज असेल, हा भरवसा. १७५४ मध्ये कुंभेरीला मल्हाररावांनी अहिल्याबाईंना जे दिले, ते १७९१ मध्ये महेश्वरला मुक्ताबाईंना देता आले नाही. आईची माया अपुरी पडली असे कोण म्हणेल? पण एकट्या आईने, मग ती राज्याची धनीण का असेना, पुरे पडण्यासारखे हे काम नव्हते. त्याला भोवतालचा समाज लागतो आणि तो समाज तेव्हा विधवेसाठी जागा ठेवायला तयार नव्हता. इंदूरच्या सावकाराच्या पत्नीला तिचे घर मिळवून देणे हुकुमाने जमले. शेजाऱ्यांच्या मनात जागा मिळवून देणे कोणत्याही हुकुमाने जमत नाही.

त्यानंतर चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, महेश्वर येथे मातोश्रींनी देह ठेवला. वय सत्तर. शेवटपर्यंत त्यांचा दरबार चालू होता.

आपल्यापैकी अनेकांची घराणी होळकरांच्या चाकरीनिमित्त इथे आली. कोणी दोनशे वर्षांपूर्वी, कोणी आजोबा-पणजोबांच्या काळात. रामबाग, लोकमान्य नगर, टिळकनगर, सुदामानगर इथे आज मराठी घरे आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ घरांत मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात आहेत. आई नाहीतर वडील इथे एकटे असतात. एखाद्या घरातला कमावता माणूस अचानक जातो. तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. चौदाव्या दिवशी जेवणाचे डबे थांबतात आणि खरी परीक्षा सुरू होते. मुलांची फी, बँकेचे कागद, पेन्शनचे अर्ज आणि त्याहून अवघड अशी संध्याकाळ.

मंडळाने वर्गणीतून अशा घराला मदत करावी, ती आपण करतोही. पण मातोश्रींच्या चरित्राने शिकवलेली गोष्ट त्याच्या पुढची आहे. ज्या बहिणीचे पती या वर्षी गेले, तिला यंदा आरतीच्या ताटाला हात लावायला बोलवा. हळदीकुंकवाचे निमंत्रण तिच्या दारावरून पुढे नेऊ नका. प्रसादाचा हिशेब तिच्याकडे द्या, मुलांच्या नाटकाची तालीम घ्यायला सांगा. तिच्या मुलाला अभ्यासाला आपल्या मुलाबरोबर बसवा आणि संध्याकाळी घरी पोचवायला स्वतः जा. एकट्या राहणाऱ्या आजोबांना मोदकांचा डबा पाठवण्यापेक्षा त्यांना अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना पुढे बसवा. उद्या ते आले नाहीत, तर कोणीतरी चौकशीला जाईलच.

दहा दिवस आपण सारे एकत्र येतो, तेव्हा हे सहज जमते. अनंत चतुर्दशीनंतर मांडव उतरेल. त्या दिवशी जाताना प्रत्येकाने आपल्या गल्लीतले एक दार मनात धरावे आणि पुढच्या आठवड्यात ते वाजवावे, एवढीच विनंती आहे.

गणपती बाप्पा मोरया!