महाळुंग्याची वाचनखूण

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार-पाच जणींनी महाळुंगे पडवळला मुलींसाठी तीन दिवसांचं विणकामाचं शिबिर घेतलं. विणकाम म्हणजे सुयांवरचं नव्हे हं, मागावरचं. आणि माग तरी कसला, तर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा! त्यावर वीतभर लांबीची, तीन बोटं रुंदीची रंगीत पट्टी विणायची आणि पुस्तकात वाचनखूण म्हणून ठेवायची. स्वस्त, मस्त आणि दोन तासांत हातात काहीतरी दिसणारं. मुलींना रंग हवेत म्हणून मी पुण्याहून लोकरीच्या धाग्याचे गुंडे घेऊन गेले होते. गुलाबी, पोपटी, झेंडूसारखा पिवळा. स्वस्तात मिळाले म्हणून मी खुशीत होते.

सातवीतल्या एका मुलीने गुंड्यावरचा कागद सोडवला आणि निवांत वाचत बसली. धागा परदेशातून आलेला होता. मग तिने अगदी सहज विचारलं, की बाबू गेनू विदेशी मालाच्या मोटारीपुढे आडवे झाले ना, मग त्यांच्याच गावात हा धागा कसा चालतो? खोडसाळपणा नव्हता त्यात. पण मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. चहाची वेळ झाली म्हणून मी सुटका करून घेतली.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. या भागात राहून बाबू गेनूंचं नाव ऐकलं नाही असं कुणी नाही. पुण्यात मंडईजवळच्या चौकाला त्यांचं नाव आहे, तिथला गणपती प्रसिद्ध आहे. आपल्या डिंभे धरणाच्या जलाशयाचं नावही हुतात्मा बाबू गेनू सागर. पण नावापलीकडे मला तरी किती माहीत होतं? म्हणून मी पुन्हा वाचलं, जुन्या माणसांशी बोलले. आता लिहिताना मी त्यांना अरे-तुरे करणार आहे, राग मानू नका. बाबू गेला तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. माझा थोरला आज तेवढाच आहे.

बाबू गेनू सैद. जन्म १९०८, याच महाळुंगे पडवळमध्ये, गरीब शेतकऱ्याच्या घरात. कळंबकडून आत आलं की आजही आजूबाजूला शेतीच दिसते, पण आज पाणी आहे, बटाटा आहे, ऊस आहे. तेव्हा सगळी भिस्त पावसावर. वडील लवकर गेले. मागे राहिली आई, कोंडाबाई, आणि लेकरं. शेतावर भागेना म्हणून ती माउली पोटासाठी मुंबईला गेली, आणि पुढे बाबूही गेला. मैत्रिणींनो, त्याच्या गोष्टीत आपण शेवटच्या एका दिवसावर येऊन थांबतो. मला मात्र या बाईपाशी थांबावंसं वाटतं. पदरात लेकरं, नवरा नाही, आणि मुंबईसारखं शहर. चरित्रांमध्ये तिच्या वाट्याला दोनच ओळी येतात.

मुंबईत बाबू कापडाच्या गिरणीत कामाला लागला. आपल्या जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी घरांत गिरणीत गेलेला एखादा आजोबा असतोच. माझे चुलतसासरे गिरणीत होते, त्यांच्या तोंडी साचे, त्रासन खातं, जॉबर असले शब्द असायचे. एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत, आणि कापसाची धूळ छातीत. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार घरी बसले. बाबू ज्या मुंबईत वाढला ती अशी. तिथे सूत, कापड आणि भाकरी यांचा संबंध काय, हे कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नव्हतं.

आता विदेशी कापडाचा एवढा राग का, हे मुलींना सांगायला हवं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. १९१३ साली एकट्या इंग्लंडमधून आपल्याकडे सुमारे ३०० कोटी वार कापड येत होतं. कापूस आपला, कापड त्यांचं. हातमागावर बसणारा साळी, कोष्टी त्यात भरडला गेला. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली ती याच रागातून.

मग उजाडलं १९३०. एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं गेलं आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांची रीघ लागली. बाबू काँग्रेसचा चार आण्यांचा सभासद झाला होता. गिरणी कामगाराला चार आणे म्हणजे काही अगदीच किरकोळ रक्कम नव्हे. वडाळ्याच्या सत्याग्रहात तो होता, त्यासाठी तुरुंगातही गेला. सुटल्यावर घरी स्वस्थ बसला नाही. त्या वर्षी मुंबईच्या बायकांनी काय धमाल उडवून दिली होती! देशसेविका संघाच्या बायका केशरी साड्या नेसून कापड दुकानांसमोर उभ्या राहायच्या, गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवायच्या. हंसा मेहता, दादाभाई नौरोजींची नात पेरीन कॅप्टन अशा कितीतरी जणी. चांगल्या घरच्या बायका भर बाजारात दिवसभर उभ्या राहतात, पकडल्या जातात, हे तेव्हा किती नवलाचं असेल! बाबू त्याच बाजारात स्वयंसेवक म्हणून जात होता.

१२ डिसेंबर १९३०, शुक्रवार. काळबादेवीच्या जुन्या हनुमान गल्लीतून जॉर्ज फ्रेझर नावाच्या मँचेस्टरच्या व्यापाऱ्याचा कापडाचा माल मोटारीतून बाहेर काढायचा होता. बातमी फुटली आणि लोक जमले. व्यापाऱ्याने पोलिसांचं संरक्षण मागून घेतलं होतं. स्वयंसेवक एकामागून एक मोटारीपुढे जात होते, पोलीस त्यांना ओढून बाजूला करत होते. मग बाबू पुढे आला आणि रस्त्यावर आडवा झाला. मोटार चालवणारा माणूस आपलाच होता. त्याने गाडी पुढे घ्यायला नकार दिला. (त्या ड्रायव्हरची आठवण कुणी काढत नाही. नोकरीवर पाणी सोडायला त्यालाही धैर्य लागलंच असेल.) तेव्हा इंग्रज सार्जंट स्वतः चाकावर बसला आणि त्याने मोटार बाबूच्या अंगावरून नेली. बाबूला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेलं, पण त्याच दिवशी त्याचा प्राण गेला. मुंबईत दुकानं बंद झाली, अंत्ययात्रेला माणसांचा पूर लोटला. पुढे १२ डिसेंबर हा स्वदेशी दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

त्याच्या जाण्याने काय झालं, असं एका मुलीने विचारलं. १९३०-३१ या वर्षात विलायतेहून येणारं सुती कापड आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही कमी झालं. अर्थात जगभर मंदी होती, तिचाही त्यात मोठा हात होता, आणि बहिष्काराचा फायदा गिरणीमालकांनाही झाला, ज्यांच्याविरुद्ध कामगार संप करत होते. हे मी मुलींना लपवून ठेवलं नाही. हुतात्म्याची गोष्ट सांगताना आपण बाकीचं सगळं गुळगुळीत करून टाकतो, ते मला पटत नाही. एका मुलीच्या आजीला मात्र माझं हे बोलणं आवडलं नाही. देवाच्या गोष्टीत हिशेब कशाला काढायचा, असा तिचा रोख होता. तिचंही खोटं नाही म्हणा.

आणि माझा तो गुंड्याचा प्रश्न? आज कुणी आपल्यावर कापड लादत नाही, आपणच स्वस्त बघून उचलतो. मी मुलीसमोर कबूल केलं, की मी कागद न वाचताच धागा घेतला. तिसऱ्या दिवसासाठी मंचरमधून साधं पांढरं सुती सूत आणलं. थोडं हळदीत उकळून पिवळं केलं, थोडं डाळिंबाच्या सालीत. रंग लोकरीसारखे भडक आले नाहीत, मुली जरा हिरमुसल्या. मग उरलेली लोकर फेकायची नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, ती गोंड्यांना वापरली.

तुम्हाला करून बघायचं असेल तर सांगते. साधारण २२ सेंटिमीटर लांब, ७ सेंटिमीटर रुंद जाड पुठ्ठा घ्या. वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरावर समोरासमोर नऊ-नऊ खाचा पाडा. पहिल्या खाचेत सूत अडकवून खाली न्या, शेजारच्या खाचेतून वर आणा, असं करत नऊ उभे धागे घट्ट ताणून घ्या. हा झाला ताणा. आता गोधडीच्या मोठ्या सुईत रंगीत सूत ओवून एका धाग्यावरून, एकाखालून असं पलीकडे जा, आणि परतताना उलट करा. हा बाणा. दोन-तीन ओळी झाल्या की जुन्या फणीने खाली दाबून घ्या. रंग बदलताना आधीच्या धाग्याचं टोक मागे चार धाग्यांतून फिरवून कापा. दोन्ही टोकांना चार-चार बोटं जागा मोकळी सोडा, पट्टी उतरवल्यावर तिथले धागे दोन-दोन, तीन-तीन घेऊन गाठी मारायच्या म्हणजे झालर होते. पुठ्ठा पुन्हा वापरता येतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते कडेला. प्रत्येक ओळीला आडवा धागा ओढला की पट्टी मधेच आवळत जाते. माझी पहिली पट्टी अशीच झाली होती, डमरूसारखी. आडवा धागा सरळ न घालता जरा कमानीसारखा सैल टाकावा आणि मग फणीने दाबावा, म्हणजे कड सरळ राहते. हे तोंडी सांगून कळत नाही, दोन पट्ट्या बिघडल्याशिवाय तर नाहीच.

शेवटच्या दिवशी सव्वीस पट्ट्या झाल्या. प्रश्न विचारणाऱ्या मुलीची पट्टी एका बाजूला तिरकी गेली होती, मधे एक धागाही सुटला होता. उसवून नीट करू या म्हटलं तर तिने नकार दिला. इतिहासाच्या पुस्तकात १९३०च्या धड्यात ती पट्टी ठेवली आणि दप्तर बंद केलं. जाताना मला विचारून गेली, की पुढच्या वेळी सूतसुद्धा आपणच कातायचं का? टकळी कुणाकडे आहे, ते मी आता शोधतेय.