योगी चांगदेव आणि कोरे पत्र

श्रीकृपेने व ग्रामस्थांच्या श्रमाने आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत एखादे संतचरित्र असावे असे मंडळींनी सुचविले, तेव्हा डोळ्यांपुढे उभे राहिले ते आपल्याच खानदेशाशी नाते असलेले योगी चांगदेव. एरंडोलहून जळगाव, भुसावळ ओलांडून पूर्वेस गेले की मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीच्या एदलाबाद तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांच्या नावाचे गाव आहे. तेथील प्राचीन दगडी मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

चांगदेवांनी योगबळाने चौदाशे वर्षे काळाला चकविले, असे परंपरा सांगते. आकडा कसा घ्यावा हे ज्याचे त्याने पाहावे. साधना दांडगी होती, हे खरे. सिद्धी होत्या, शिष्यांचा मोठा मेळा होता. उणे होते ते फक्त गुरूचे.

शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आळंदीच्या त्या चार भावंडांची कीर्ती कानी येताच चांगदेवांनी पत्र लिहावयास घेतले आणि लेखणी पहिल्याच शब्दाला अडली. चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने ती थोर. तीर्थरूप लिहावे, तर वयाने पोरे! अखेर कोराच कागद शिष्याहाती रवाना झाला.

दोन शब्द खुशालीचे लिहिण्याआधी योगिराज कोण मोठा, कोण धाकटा हे मोजीत बसले. हसू येते खरे, पण हसण्याचा अधिकार आपणांस थोडाच आहे. देणगीदारांची नावे फरशीवर कोणत्या क्रमाने कोरावीत, यावर आपल्या किती सभा लांबल्या ते आठवावे. प्रस्तुत लेखकाचे नाव खालच्या ओळीत गेले, म्हणून त्याने दोन एकादशांना भजनाकडे पाठ फिरविली होती. देवासाठी दिलेले पैसे त्याने मनातून परत घेतलेच होते म्हणा ना. हे येथे कबूल केलेले बरे.

असो. कोरे पत्र पाहून धाकटी मुक्ताई हसली. इतकी वर्षे तप करूनही हा योगी कोराच राहिला, असे ती म्हणाल्याचे सांगतात. निवृत्तिनाथांनी मात्र त्या कोरेपणात पात्रता पाहिली व ज्ञानदेवांना उत्तर लिहावयास सांगितले. तीच पासष्ट ओव्यांची चांगदेव पासष्टी. उत्तर आले, पण उमगले नाही. मग चांगदेव स्वतःच निघाले. वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन आणि मागे शिष्यांचा लवाजमा. भेटीस जावयाचे तेही थाटातच! भावंडे भिंतीवर बसली होती, ती भिंतच सामोरी चालू लागली. चांगदेव वाघावरून उतरले आणि पाया पडले. ती भिंत आळंदीस आजही दाखवितात.

कीर्तनात कथा बहुधा येथेच संपते. खरी कसोटी मात्र पुढेच होती. ज्ञानदेवांनी चमत्कार दाखविला होता. त्यांच्यापुढे वाकणे त्या मानाने सोपे. पण चांगदेवांना गुरू लाभली ती मुक्ताई. एकदा ती स्नान करीत असता ते तेथे आले आणि संकोचून मागे फिरले. त्यावर तिने त्यांना खडसावले की, अजून तुझ्या दृष्टीत भेद उरला आहे, गुरुकृपा मुरलेली नाही. केलेली सभ्यताही चूक ठरावी, तीही एका मुलीकडून! एवढ्या तपाचा धनी रागावून निघून गेला असता तर कोणी नवल केले नसते. चांगदेव गेले नाहीत. तिने उपदेश केला व त्यांनी तो मान खाली घालून घेतला. आमच्या मते वाघावरून उतरण्यापेक्षा हे उतरणे अवघड होते.

शके १२१८ मध्ये (इ. स. १२९६) ज्ञानदेवांनी समाधी घेतली. पुढील वर्षी वैशाख वद्यात मुक्ताई तापीतीरी अंतर्धान पावली. चांगदेवांची समाधी गोदातीरी पुणतांब्यास आहे. पण महाशिवरात्रीला वारकरी संगमावर जमतात, ते शिष्याचे दर्शन घेतात आणि गुरूचेही. आपल्या भजनी मंडळाने येत्या यात्रेस तेथे जावयाचे ठरविले आहे. येणारांनी आपली नावे मंदिरात द्यावीत. ती ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने लिहिली जातील.