वाळूखालचे पाणी : लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे चरित्र

जव्हार-मोखाड्याच्या मुलखात, वांगणीसारख्या गावी राहणाऱ्यांस उन्हाळ्यातील नदीचे रूप चांगले ठाऊक आहे. पात्र कोरडे दिसते; परंतु वाळूत हातभर झिरा खणला म्हणजे पाणी हळूहळू वर येते. ते नाहीसे झालेले नसते, वाळूखालून वाहत असते. मनुष्याच्या मनाचेही असेच आहे, हे लक्ष्मीबाई टिळक ह्यांच्या चरित्रावरून दिसून येते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर गावी झाला. माहेरचे नाव मनू गोखले. वडिलांचे सोवळे फार कडक असे, आणि शिवाशिवीचे भय मुलीच्या अंगी बालपणापासून मुरले. पुढे लहान वयातच नारायण वामन टिळक ह्यांच्याशी त्यांचे लग्न झाले. टिळक कवी, विद्वान, परंतु मोठे लहरी होते. लक्ष्मीबाईंस शाळा अशी लाभलीच नाही. अक्षरओळख झाली ती पतीकडून.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ती बातमी ऐकून लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्र्यंबकच्या डोंगरात गोदावरी व वैतरणा जवळजवळच उगम पावतात. परंतु एक पूर्वसमुद्रास जाते, दुसरी मोखाड्याच्या बाजूने पश्चिमसमुद्रास मिळते. त्याचप्रमाणे एका घरची ही दोन माणसे दोन दिशांस गेली. लहानग्या दत्तूस घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयास राहिल्या. काही काळ त्यांनी पंढरपुरातही काढला. लोकांस वाटले, हा संसार संपला. परंतु वाळूखालचा प्रवाह आटला नव्हता. पतीविषयीची माया आणि जातीचा धाक ही दोन्ही एकाच अंतःकरणात झगडत होती.

अखेर काही वर्षांनी त्या टिळकांकडे अहमदनगरास परतल्या. धर्म मात्र सोडला नाही. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी ह्याबाबतीत त्यांच्यावर सक्ती केली नाही. वरवर पाहता काहीच बदलत नव्हते. मात्र आत विचार चालू होता. पुढे राहुरीस असता एके दिवशी त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की, जाती देवाने निर्मिल्या की मनुष्याने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांतही काही खूण दिसली असती. तशी खूण त्यांस कोठे आढळली नाही. त्या दिवशी मनाची गाठ सुटली, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाहणाऱ्यांस तो बदल एकाएकी झाला असे वाटले असेल. परंतु झिऱ्यात दिसणारे पाणी त्या घटकेचे नसते, ते दुरून चालत आलेले असते.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ काव्य अपुरे राहिले होते. ज्या बाईने एके काळी पतीच्या धर्माचा विटाळ मानला, तिनेच त्यात बहुतेक सर्व अध्यायांची भर घालून ते पुढे नेले. उतारवयात त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्यांचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यांत आपली भोळी समजूत, पतीशी झालेली भांडणे व सोवळ्याची फजिती त्यांनी हसतहसत सांगितली आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांतही अशी घरे आहेत. कोठे पती उपासनेस येतो व पत्नी येत नाही. कोठे मुलगा येतो, आई उंबऱ्याशी थांबते. अशा माणसास कठोर म्हणण्याची घाई आपण करू नये. झिऱ्याजवळ बसलेली बाई पाणी गढूळ आहे म्हणून उठून जात नाही. ती वरचे पाणी उपसून टाकते, आणि निवळ पाणी येईपर्यंत वाट पाहते. टिळकांनी तीच वाट पाहिली. आपणही सक्ती न करता, प्रीती न सोडता वाट पाहावी, असे आम्हांस वाटते.