छत्रपती चौथे शिवाजी (कोल्हापूर)

छत्रपती चौथे शिवाजी (५ एप्रिल १८६३ – २५ डिसेंबर १८८३) हे कोल्हापूर संस्थानचे अधिपती होते. राजाराम महाराजांच्या निधनानंतर १८७१ मध्ये ते दत्तक आले. पुढे ब्रिटिश सरकारने त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. हिंदुस्थानात चाकरी करणाऱ्या मनोरुग्ण युरोपीयांसाठी १८७० पासून इंग्लंडात ईलिंग येथे स्वतंत्र रुग्णालय होते. महाराजांच्या वाट्याला मात्र गोऱ्या शिपायांचा पहारा आला. त्यांच्या छळाविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी लिहिले. त्यावरून कारभारी माधवराव बर्वे यांनी भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना १०१ दिवस कारावास भोगावा लागला. ग्रीन नावाच्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, वयाच्या विसाव्या वर्षी महाराजांचा अंत झाला. १८८४ मध्ये त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी यशवंतराव घाटगे यांना दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू महाराज होत.