डॉ. कोटणीसांची चिनी भाषा

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन ते पुढील परीक्षेची तयारी करीत असतानाच जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय पथक पाठविण्याचे काँग्रेसने ठरविले. सप्टेंबर १९३८ मध्ये डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली पाच डॉक्टर निघाले. चौघे परतले, कोटणीस राहिले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी एका चिनी परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने त्यांचा अंत झाला.

१९४६ च्या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे ही कथा सर्वांना ठाऊक आहे. एका गोष्टीकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. कोटणीस चिनी भाषा शिकले. नुसती बोलण्यापुरती नव्हे, तर तीतून विद्यार्थ्यांना वैद्यक शिकविण्याइतकी. वास्तविक शल्यविशारदाचे काम दुभाष्यावर भागले असते. जखमेतली गोळी काढण्यास व्याकरण लागत नाही. तरीही जखमी सैनिकाशी त्याच्याच बोलीत बोलणे त्यांना आवश्यक वाटले.

मग ज्याच्या हाती शस्त्रही नाही, त्या मनोविकारतज्ज्ञाचे काय? रोग्याचे बोलणे हेच त्याचे मुख्य साधन. आमच्या सोलापुरात हे बोलणे मराठीत असेल, पूर्व भागातील विणकराच्या तेलुगूत असेल, अक्कलकोटकडच्या कन्नडात किंवा उर्दूतही. ज्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला सारे शहर लोटते, त्यांची वचनेदेखील कन्नडच! खेड्यातली बाई ‘मी खिन्न आहे’ असे क्वचितच म्हणते. ती म्हणते, जीव घाबरा होतो, डोके भणभणते, कशात मन लागत नाही. या शब्दांआडची सासुरवास, कर्ज, मूल गेल्याची हाय पाठ्यपुस्तकातील लक्षणांच्या यादीत सापडत नाही; कथा-कादंबऱ्यांत, नाटकांत, जात्यावरच्या ओव्यांत सापडते.

२०१९ पासून वैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमात संवादकौशल्याला व वैद्यकीय नीतीला जागा मिळाली, हे योग्यच झाले. परंतु मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला साहित्य व नाट्य यांचा सहवास लाभणे अद्याप बहुधा त्याच्या शिक्षकाच्या आवडीवर अवलंबून असते. ज्याचे गुण मोजता येत नाहीत त्याला वेळापत्रकात तास मिळत नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला हा हिशेब चांगलाच परिचयाचा आहे. कलामहाविद्यालयातील भाषेच्या प्राध्यापकाने आठवड्यातून एकदा या विद्यार्थ्यांबरोबर एखादी कथा वाचावी, यास फारसा खर्च नाही. शहरात दोन्ही प्रकारची महाविद्यालये आहेत आणि त्यांच्यातले अंतर रिक्षाने पार होण्याजोगे आहे.