भूमीचा हिशेब मांडणारा अभियंता

शहराच्या पोटातून बोगदा खणला जातो, तेव्हा त्याचा खर्च अंदाजपत्रकात मांडलेला असतो. परंतु वरच्या घरांच्या भिंतींना जे तडे जातात, त्यांचा खर्च कोणाच्या खाती टाकावयाचा, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. हा प्रश्न अनुमानाच्या प्रांतातून मोजमापाच्या प्रांतात आणणाऱ्यांत कार्ल टेर्झागी यांचे नाव अग्रभागी आहे.

१८८३ साली प्राग येथे जन्मलेल्या टेर्झागींनी ग्राझ येथे यंत्र-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पोलाद आणि काँक्रीट यांचे शास्त्र प्रगत झाले असले, तरी ज्या मातीवर सारा डोलारा उभा राहतो तिच्याविषयी अभियंते चाचपडतच आहेत, हे प्रत्यक्ष कामावर त्यांच्या ध्यानात आले. १९१६ पासून इस्तंबूल येथे अध्यापन करीत असता, तुटपुंज्या साधनांनिशी त्यांनी मातीवर प्रयोग केले. मातीवरील भाराचा काही वाटा तिच्या कणांमधील पाणी उचलते. ते निचरून जाते तसतसा भार कणांवर येतो आणि माती दबते, असा त्यांचा सिद्धांत. बोगद्यात पाणी झिरपू लागल्यास वरची चिकणमाती पुढे दीर्घकाळ का खचत राहते, याचा उलगडा त्यातून होतो. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जर्मन ग्रंथाने मृदायांत्रिकीचा पाया घातला.

१९३६ साली त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाळूने भरलेल्या पेटीच्या तळाची झडप किंचित खाली सरकविली, की तिच्यावरील भार झपाट्याने घटतो. कारण वरची वाळू कमानीप्रमाणे आजूबाजूच्या वाळूवर तोलली जाते. याचा अर्थ असा की, भूमीला थोडे हलू दिल्यास बोगद्याच्या अस्तरावरील दाब उतरतो आणि अस्तर स्वस्तात होते. मात्र मऊ मातीत हीच हालचाल वर पोचते व रस्ता खचतो. एकाची बचत ती दुसऱ्याची हानी, असा हा व्यवहार आहे.

१९३८ साली ऑस्ट्रिया सोडून टेर्झागी अमेरिकेत आले. शिकागोचा भुयारी रेल्वेमार्ग तेव्हा उंच इमारतींखालच्या मऊ चिकणमातीतून जावयाचा होता. मातीची प्रयोगशाळा उभारावी, माती आत किती सरकते व रस्ता किती खचतो हे सतत मोजावे आणि त्यानुसार खोदकामाची रीत बदलावी, हा त्यांचा आग्रह होता. भूमी पूर्णतः ज्ञात नसते. म्हणून निरीक्षण हाच कामाचा भाग मानावा, ही त्यांची शिकवण. १९६३ साली अमेरिकेतच त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या खोदकामात लगतच्या इमारतींवर मापनयंत्रे बसविण्यात आली, ती याच परंपरेतून. तथापि मापन हे अभियंत्याचे कर्तव्य झाले, तरी भरपाई हे समाजाचे कर्तव्य आहे. बोगद्याचा लाभ साऱ्या शहराला मिळत असेल, तर त्याच्यापायी खचलेल्या घराचा भार एकट्या रहिवाशावर टाकणे न्याय्य नव्हे. आकडे उपलब्ध असताना ते आकडे रहिवाशांना न दाखविणे, हे तर त्याहूनही अन्याय्य होय.